लोणारच्या पाण्यातला शंख

दुसरबीड, ४ मार्च १९३४

पोचले एकदाची! मुंबईहून जालन्यापर्यंत आगगाडी, तिथून सिंदखेडपर्यंत खडखडी मोटार, आणि मधे निजामाच्या नाक्यावर करोडगिरीवाल्याने माझी ट्रंक उलटीपालटी करून बघितली. बाळंतपणाचा चिमटा उचलून त्याने विचारलं, हे काय हत्यार? म्हटलं, मूल अडलं की याने ओढून काढतात. तुम्हालाही कदाचित असंच काढलं असेल. त्याने ट्रंक झटकन बंद केली.

सिंदखेडला उत्तमराव पाटलांचा गडी कडूबा बैलगाडी घेऊन उभा होता. येणारी नर्सबाई मालवणची आहे, समुद्रावर वाढली आहे, हे त्याला कुणीतरी सांगून ठेवलं होतं. मग काय, वाटभर प्रश्न. समुद्राले पाळ नसते काय? मग पाणी सांडत काऊन नाही? पाणी इतकं खारट असतं की बैल तोंड लावणार नाही, असं मी सांगितलं, तेव्हा तो हसला. म्हणाला, लोणारच्या तळ्याचं पाणीही तसंच आहे बाई, म्हणजे तुमचा समुद्र मोठं लोणारच झाला की! मालवणात हे कुणाला सांगितलं तर मारायला धावतील.

दवाखाना पाटलांनी स्वतःच्या खर्चाने बांधलाय. दोन खोल्या, पत्र्याचं छप्पर, दारात निंब. त्यामागे दुःख आहे. पाटलांची एकुलती लेक दोन वर्षांपूर्वी बाळंत झाली आणि सुवारोगाने, म्हणजे बाळंतज्वराने गेली. आता सून सुभद्रा गरोदर आहे. तिला माहेरचं कुणी नाही, नवरा नागपुरात वकिली शिकतोय. मेच्या सुरुवातीला ती बाळंत होईल. ते सुखरूप पार पाडायचं, एवढ्यासाठीच मला आणलंय. पाडीनच. तांडेलाची पोर आहे मी, होडी भर दर्यात सोडून पळणाऱ्यातली नाही.

११ मार्च

माझ्या दवाखान्यात माशा सोडून कुणी येत नाही! गावात कुणाला काही लागलं की तो पाटलांच्या देवघराकडे पळतो. तिथे पाटलीणबाई, मनकर्णाबाई, जखमेला शंखाची लाळ लावतात म्हणे. लाळ! मी इथे कार्बोलिकने हात धुऊन बसलेय आणि हे लोक लाळ लावून घेतात.

परवा कडूबाच्या पायावर वखराची पास, म्हणजे लोखंडी पातं, पडली. हाड दिसत होतं. मी आयोडीन लावून पट्टी बांधली, आणि पाय खाली टेकवलास तर याद राख असं बजावलं. पठ्ठ्या पट्टी सोडून देवघरात गेला. आज त्याला बोलावून जखम उघडली ती त्याची खरडपट्टी काढायची म्हणूनच. पण पू नाही, सूज नाही, खपलीसुद्धा नाही. जागा बंद, आणि वर शिंपल्याच्या आतल्या अंगासारखी चकाकी. कडूबा दात काढून हसत होता. मला मात्र रागाने जेवण गेलं नाही.

१६ मार्च

आज शंख पाहिला. देवघराच्या उंबऱ्याशी उभी राहिले आणि वास आला. ओहोटीच्या वेळी खडकांवर येतो, अगदी तोच. इथून समुद्र किती लांब! डोळ्यांत पाणीच आलं माझ्या.

मनकर्णाबाई करारी आहेत, पण आज मोकळेपणाने बोलल्या. शंख त्यांच्या सासऱ्यांनी द्वारकेहून आणला. शंख कोरडा ठेवू नये, अशी या घराची रीत. म्हणून त्यात कायम लोणारच्या धारेचं पाणी असतं. धार म्हणजे वर काठावर गोमुखातून पडणारा झरा, गोड पाण्याचा. सुनेला दिवस राहिले म्हणून महिन्याभरापूर्वी बाई नवस फेडायला खाली तळ्याकाठी कमळजादेवीला गेल्या. देवीच्या पायाशी जे पाणी आहे तेच जास्त पवित्र, असं त्यांच्या मनाने घेतलं, आणि त्यांनी धारेच्या ऐवजी तळ्याचं पाणी घागर भरून आणलं. ते शंखात ओतल्यावर थोड्याच दिवसांत शंखाला लाळ सुटली. माही लेक गेली तवा देवीनं हे धाडलं नाही, आता धाडलं, असं म्हणून त्या रडल्या.

मी शंख हातात घेतला. तोंडाशी तपकिरी झाकण घट्ट बसलेलं. बोटाने टकटक केलं, तर झाकण आत ओढलं गेलं. जिवंत! आमच्याकडे शिंपल्या-शंखातले जीव कोरड पडली की झाकण लावून निजतात, हे लहान पोरही सांगेल. पण इतकी वर्षं? गोड्या पाण्यात हा मेल्यासारखा पडून होता, आणि या माउलीने भक्तिभावाने त्याला खारं पाणी पाजून उठवलं. मी तसं सांगितलं तर त्या म्हणाल्या, तुमी त्याले किडा म्हणा, आमी माय म्हणतो. मग मीही वाद घातला नाही.

२२ मार्च

मला हसू आवरत नाहीये. चार दिवसांपूर्वी दोन वाट्यांत दूध घेऊन दोन्हींत विरजण घातलं आणि एकीत शंखाच्या लाळेचा थेंब टाकला. साधी वाटी सकाळी दही झाली, नंतर आंबली, मग तिला बुरशी आली. दुसरीत आजही दूध. चाखून पाहिलं, ताजं! जंतू म्हणून त्या वाटीत जगूच शकत नाहीत. मुंबईच्या इस्पितळात जखमा सडून माणसं जातात, मोठे मोठे डॉक्टर हात चोळत बसतात, आणि इकडे दुसरबीडच्या देवघरात एक गोगलगाय बसल्याबसल्या हे काम करते. त्यांच्या नाकावर टिच्चून सांगेन मी हे.

आज बाटली फुटून बोट चांगलंच कापलं. मुद्दाम लाळच लावली. आधी स्वतःवर, मग रोग्यावर. थंडगार वाटलं, आणि ठणका लगेच थांबला. मनकर्णाबाई खूश झाल्या. सुभद्राच्या बाळंतपणात आतून लाळ लावायची आणि बाळाच्या बेंबीलाही, असं त्यांनी ठरवूनही टाकलं. मी हो म्हटलं.

५ एप्रिल

ऊन असं की पत्रा तडतडतो. घामाने लुगडं अंगाला चिकटतं, तोंडावरून धारा लागतात. कडूबा मात्र दुपारी नांगरट करून आला तर कोरडा ठणठणीत. कपाळाला हात लावला तर रखरखीत तापलेलं, आणि हाताला गुळगुळीत. पाय बघितला. नखं नाहीत. पडली नाहीत, वरून कातडी येऊन बुजली आहेत. दुखत नाही म्हणतो. काही लागतच नाही, चांगलंच आहे की बाई, म्हणतो.

माझ्या कापलेल्या बोटाचं नखही अर्धं दिसेनासं झालंय. नख वाढत असेल वाकडंतिकडं. उगाच कशाला भ्यायचं!

१२ एप्रिल

कडूबाला हाक मारली, त्याने वळूनही पाहिलं नाही. जवळ जाऊन पाहिलं, तर कानाचं भोक नाही. दोन्ही कान बाहेरून जसेच्या तसे, आणि आत जिथे वाट असते तिथे चकाकतं सपाट कातडं.

मी सुरी तापवून थंड केली आणि एक कान उघडला. रक्त आलं नाही. पाणी आलं, आणि ते मी जिभेला लावून पाहिलं. खारट. जेवणवेळेपर्यंत कान पुन्हा बंद.

मग देवघराबाहेर बसून विचार केला. शिंपलीत खडा गेला की ती त्याच्यावर लेप चढवते, चढवतच राहते. तिला ठाऊक एकच, उघडं असेल ते बुजवायचं. जखम कोणती आणि कान कोणता, हे तिला काय कळणार? ती वाटी मी चार दिवस बघत होते. त्यात दूध नासलं नाही यावर नाचले, आणि त्यात दहीही लागलं नाही हे माझ्या डोक्यात शिरलं नाही. गाढव मी!

आणि ही लाळ सुभद्राला आतून लावायची. बाळाला लावायची.

१५ एप्रिल

मनकर्णाबाईंना कडूबाचे कान दाखवले. त्या म्हणाल्या, ऐकू येत नाही तर वाईट ऐकायचं टळलं. मी ओरडले. त्याही ओरडल्या. त्यांची लेक कशी गेली ते त्यांनी सगळं सांगितलं. तापाने फणफणली होती, अंगाला घाण येत होती, पाणी पाणी करत गेली. माह्या सुनेले तसं मरू देणार नाही, तुमी आडव्या आल्या तरी, असं तोंडावर सांगितलं. त्या खोटं बोलत नव्हत्या. म्हणून तर जास्त भीती वाटते.

उत्तमराव म्हणाले, घरातल्या बायकांच्या कामात मी पडत नाही. तुम्हाला पटत नसेल तर गाडी जुंपून देतो. म्हटलं, गाडी राहू द्या. आलेय ते काम करूनच जाईन.

मला आज घाम आला नाही.

२० एप्रिल

कडूबाचं तोंड मिटलं. दोन दिवस कोपऱ्यातून ज्वारीच्या पोखरून पोकळ केलेल्या धांड्याने ताक पाजत होते. आज तो कोपराही नाही. ओठांची रेघसुद्धा नाही. डोळे मात्र उघडे होते. माझ्याकडे बघत होता. समुद्राबद्दल विचारायचा तसाच.

तीनदा कापलं. तीनदा बुजलं. शेवटी नाकपुड्या.

दुपारी निंबाखाली बसल्याबसल्या गेला. आणि गाव काय म्हणतं? समाधी लागली म्हणे! अंगाला घाण नाही, माशी बसत नाही, चेहऱ्यावर तेज. बायांनी हळदकुंकू वाहिलं. नारळ फोडले. मी ते कुंकू पुसत होते आणि ओरडत होते की हा माणूस गुदमरून मेलाय, तुमच्यासमोर मेलाय! कुणी माझा हात धरला नाही. नुसते हात जोडून उभे राहिले.

कडूबा, तुला समुद्र दाखवायचा होता रे.

२४ एप्रिल

सुभद्रा कपडे वाळत घालायच्या निमित्ताने आली. हलक्या आवाजात म्हणाली, बाई, मले ते लावू देऊ नका. माह्या लेकराले तर मुळीच नाही.

तिला वचन दिलं. तिच्या डोक्यावर हात ठेवून. त्या हाताला एकही नख उरलेलं नाही, म्हणून तो पदरात गुंडाळून.

जुनी सुईण झुंबरबाई आजवर माझ्यावर डाफरायची. मी तिच्या पोटावर पाय दिला असं तिला वाटायचं. तिला आज हात उघडून दाखवला, बुजत आलेला डावा कानही दाखवला. तिने माझी बोटं एकेक करून चाचपली. मग म्हणाली, मी तुमच्या संगं हावो बाई. बाळंतीण मोकळी झाली की गाडीत घालून जालन्याला इस्पितळात न्यायची, या शंखापासून लांब, असं आम्ही दोघींनी ठरवलं.

शंख चोरायचा प्रयत्न केला. देवघराला आता कुलूप आहे.

२८ एप्रिल

डावा कान बंद. उजव्यात समुद्र वाजतो.

गावात लाळ लावलेले आणखी आहेत. त्यांचा घाम आटतोय. सगळे खुशीत. मला बघून हात जोडतात. मी दगड उचलते तरी जोडतात.

१ मे

दोन्ही कान गेले. ओठ एका बाजूने चिकटले. धांड्याने पेज पिते. झुंबरबाई समोर बसून पाजते आणि रडते. तिला पाटीवर लिहून दाखवलं, रडू नकोस, पाणी उकळायची भांडी घास. मग आठवलं, तिला वाचता येत नाही. हसू आलं. हसता येईना.

हात चालतात अजून. डोळे आहेत. बाळंतपणाला तोंड लागत नाही. मोठं घंघाळ, कात्री, दोरा, सगळं स्वच्छ करून ठेवलंय. करंगळी शेजारच्या बोटाला जुळली होती. कापून मोकळी केली. उद्या पुन्हा कापीन. बघू कोण आधी थकतं.

३ मे

झालं. झालं! डावा हात भाजलाय, उजव्याने लिहिते, सगळं लिहिते.

सकाळीच कळा सुरू झाल्या. चुलीवर घंघाळात पाणी खळखळा उकळत होतं, माझ्या हातांसाठी, कात्रीसाठी. सुभद्राने माझं मनगट धरून ठेवलेलं. तिचं तोंड उघडत होतं, मिटत होतं. आवाज मला नाही.

बाळाचं डोकं दिसायला लागलं आणि मनकर्णाबाई आत आल्या. सोवळं नेसून. दोन्ही हातांत शंख. त्याचं झाकण उघडं होतं, आणि आतून पांढरं काहीतरी बाहेर वळवळत होतं, सुभद्राच्या दिशेने, जणू वाट ठाऊक असल्यासारखं.

झुंबरबाई त्यांच्या पायांना मिठी मारून बसली. मी शंख हिसकला. तो गार होता. बोटांना चिकटला. सुटेना.

मालवणात तिसऱ्यांचं, म्हणजे खायच्या शिंपल्यांचं, काय करतात, ते मला कुणी शिकवायला नको. उकळत्या गोड्या पाण्यात टाकायच्या. कितीही घट्ट मिटलेली असली तरी तोंड उघडते. मी घंघाळात शंख घातला. हातासकट.

पाण्यावर फेस आला. घरभर समुद्राचा वास. झाकण सुटून वर तरंगलं. मग आतलं — लांबच लांब — शंखात मावणार नाही इतकं — आणि त्याला भोक म्हणून नव्हतंच कुठे. तोंड नाही. डोळे नाहीत. नुसतं बुजलेलं.

मग ते पाण्यात विरून गेलं.

मनकर्णाबाई भिंतीला टेकून खाली बसल्या. मी दुसऱ्या हाताने बाळ घेतलं. मुलगी. ऐकू आलं नाही, पण तोंड पाहिलं. एवढं मोठं उघडलेलं, लाल, जीभ लवलवते, टाळू दिसतो. इतकं सुंदर काही मी जन्मात बघितलं नाही. झुंबरबाईने नाळ धरली, मी कात्रीने कापली, तिने दोऱ्याने बांधली. बेंबीला काही लावलं नाही. काही नाही!

मग मनकर्णाबाई उठल्या. वाटलं, आता अंगावर येणार. त्यांनी नातीच्या उघड्या तोंडाकडे पाहिलं. मग माझ्या तोंडाकडे. आणि तळ्याच्या पाण्याची घागर स्वतःच उचलून उकिरड्यावर ओतून आल्या.

५ मे

गाडी गेली. जालन्याला. सुभद्राला ताप नाही. झुंबरबाई सोबत आहे. सुभद्राने बाळाला माझ्याकडे वळवून धरलं. पुन्हा रडत होतं. रड बाई, गाव डोक्यावर घे.

जाताना झुंबरबाईने खुणेने सांगितलं — ज्यांना उशिरा लावली त्यांना घाम फुटलाय. ते वाचतील. मी लवकर लावून घेतली. शहाणी ना मी!

उजवा डोळा मिटला.

तोंड रोज कापते. रोज बुजतं. तरी कापते.

६ मे

बाहेर लोक. हार आणलेत. ताटात कुंकू. माझ्यासाठी. मनकर्णाबाई दारात आडव्या उभ्या आहेत, पण त्या एकट्या —

भिंतीवर कोळशाने लिहिलं, मी देवी नाही. वाचणारं कुणी —

सुभद्राची पोर शिकेल. ती वाचील.

७ मे

एक नाकपुडी. डोळा — रेघेएवढा.

आत आले. कपाळाला ओलं लागलं. पुसलं. पुन्हा लावलं. पुन्हा पुसलं. पुसणारच —

पोरी, तुझं तोंड कधी मिटू नकोस. कुणी म्हटलं तरी. तुझ्या नर्सबाईने तो शंख उकडला, मीठ न घालता, आणि ती देवीबिवी नव्हती, ती साधी न—